पाण्यासाठी राज्याचा कार्यगट मागताय? आधी त्याच्या हाती काय देणार ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मराठवाड्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचा आमचा एक गट आहे. पाण्याचं धोरण आणि त्यासाठीचा निधी ठरवायला राज्यानं टास्क फोर्स नेमावा, असं निवेदन आम्ही मुख्यमंत्र्यांना देणार आहोत. त्यात नेमकं काय मागावं? आणि असे गट नेमून काही होतं का?’

मी जलसंपदा विभागात अभियंता होतो. आधी कालव्यावर, नंतर मंत्रालयातल्या फायलींवर काम केलं आणि एका समितीचं सचिवालयही जवळून पाहिलं. त्या अनुभवावरून लिहितो. माझ्या मतांशी माझे जुने सहकारी सगळेच सहमत होतील असं नाही.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. काही होतं का? होतं, पण गटाला जे काम दिलं असेल तेवढंच होतं. ‘धोरण सुचवा’ म्हटलं की धोरण येतं, छान छापून येतं. महाराष्ट्रात त्याची वानवा कधीच नव्हती. बर्वे आयोगाचा अहवाल 1962चा. 1972च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण भागासाठी सुकथनकर समिती आली. वि. म. दांडेकरांच्या समितीनं 1984मध्ये प्रादेशिक अनुशेष, म्हणजे कोणता भाग विकासात किती मागे पडला ते मोजलं, त्यात सिंचनाचा हिस्सा सर्वांत मोठा निघाला. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या जल व सिंचन आयोगानं 1999मध्ये खोरंनिहाय, उपखोरंनिहाय इतकं तपशीलवार काम करून ठेवलं आहे की आजही कुणाला उपखोऱ्याचा हिशेब हवा असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागते. राज्याची जलनीती 2003मध्ये आली, 2019मध्ये सुधारून आली. मधल्या काळात विजय केळकर समितीनं समतोल प्रादेशिक विकासाच्या अंगानं पाण्याचा विचार केला. एवढं असताना तुमच्या निवेदनात ‘सर्वंकष जलधोरण’ हे शब्द असतील, तर कक्ष अधिकारी दोन ओळींत फाईल बंद करील: राज्याची जलनीती अस्तित्वात आहे, सबब वेगळ्या कार्यवाहीची आवश्यकता नाही. आणि ते उत्तर चूक नसेल.

एवढंच नाही, तुम्ही मागताय तसा गट कायद्यात आधीपासून आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा 2005चा कायदा काढून कलम 15 आणि 16 वाचा. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल मंडळ, त्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद. मंडळानं सगळ्या खोऱ्यांचे आराखडे एकत्र करून एकात्मिक राज्य जल आराखडा तयार करायचा, परिषदेनं तो मंजूर करायचा. दोन्ही टप्प्यांना कायद्यानं महिन्यांच्या मुदती घातल्या आहेत. प्रत्यक्षात परिषदेची पहिली बैठक झाली ती जानेवारी 2015मध्ये, म्हणजे कायदा होऊन जवळपास दहा वर्षांनी. तीसुद्धा औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका उभी राहिल्यावर. नव्या प्रकल्पांना प्राधिकरणानं आराखड्याशी ताडून मान्यता द्यायची, असं कायदा म्हणतो. आराखडाच नव्हता, मान्यता मात्र दिल्या जात होत्या.

हे का घडलं, याकडे नीट पाहायला हवं; तुमच्या मागणीची दिशा त्यावरच ठरेल. अधिकारी आळशी होते म्हणून बैठक झाली नाही, हे सोपं उत्तर आहे. माझ्या मते आराखडा मंजूर झाला की क्रम लागतो, आणि क्रम लागला की कुणाचं तरी काम मागे जातं. ते मागे गेलेलं काम ज्यांच्या मतदारसंघात आहे ते आमदार मंत्र्यांना भेटणारच. आराखडा नसला की सगळ्यांना सगळं देता येतं, निदान कागदावर. म्हणून माझं म्हणणं असं की तुम्ही धोरणासाठी गट मागू नका, पैशाचा क्रम लावण्यासाठी मागा. आणि ‘हे काम आता होणार नाही’ असं लेखी म्हणण्याचा अधिकार त्या गटाला नसेल, तर तो नेमला न नेमला सारखाच.

क्रमावर एवढा जोर का, ते एका हिशेबानं सांगतो. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा, एका खोऱ्यात दहा अपुरे प्रकल्प आहेत, प्रत्येकाची उर्वरित किंमत 100 कोटी. वर्षाला एकूण 100 कोटी मिळतात आणि बांधकामाचा खर्च दरसाल 8 टक्क्यांनी वाढतो. सगळ्यांना समान न्याय म्हणून प्रत्येकाला 10 कोटी दिले. पहिल्या वर्षी 90 उरले, भाववाढ धरून ते 97 झाले. दुसऱ्या वर्षाअखेर 94, तिसऱ्या वर्षाअखेर 91. प्रत्येक प्रकल्पावर 30 कोटी ओतले आणि उर्वरित किंमत फक्त 9 कोटींनी उतरली. पाणी कुठेच नाही. आता तेच 300 कोटी एकामागून एक प्रकल्पाला दिले तर तिसऱ्या वर्षाअखेर दोन प्रकल्प पुरे आणि तिसरा तीन चतुर्थांशाच्या पुढे. गंमत अशी की दहाही प्रकल्पांची मिळून उर्वरित किंमत दोन्ही पद्धतींत सारखीच राहते, सुमारे 909 कोटी. वित्त विभागाच्या तक्त्यात काहीच फरक दिसत नाही. फरक दिसतो तो दोन गावांच्या शेतचारीत, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या लहान पाटात.

अर्थात, प्रत्यक्षात एका प्रकल्पावर एका वर्षात हवे तेवढे पैसे खर्च होत नाहीत. भूसंपादन अडतं, वनजमिनीची मान्यता अडते, रेल्वेखालून कालवा न्यायचा तर रेल्वेची परवानगी वर्षानुवर्षं चालते. केंद्रानं प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत देशभरातले 99 प्रकल्प निवडले, त्यात महाराष्ट्राचे 26 होते. डिसेंबर 2019पर्यंत सगळे पूर्ण करायचे ठरलं होतं, नाबार्डकडून कर्जाची सोयही होती. तरी मुदत पाळता आली नाही. म्हणजे पैसा आणि यादी दोन्ही असूनही काम अडू शकतं. पण यादी असली की निदान कुठे आणि कशानं अडलं ते विचारता येतं. 2018च्या बळीराजा जलसंजीवनी योजनेत विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रातल्या अवर्षणप्रवण भागातल्या 91 प्रकल्पांची नावानिशी यादी होती. मला ती योजना आवडते ती यासाठीच.

यादी नसली की काय होतं याचं उदाहरण म्हणून सगळे विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचं नाव घेतात. मूळ किंमत 372 कोटी, 1988मध्ये पायाभरणी, 2009मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा आणि किंमत अठरा हजार कोटींच्याही पुढे. मला मात्र कृष्णा खोऱ्याचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाच्या निवाड्याचा 31 मे 2000नंतर फेरविचार होऊ शकणार होता. त्याआधी वाट्याचं 560 टीएमसी पाणी अडवलं नाही तर ते हातचं जाईल, ही भीती खरी होती. म्हणून 1996मध्ये महामंडळ काढलं, सतरा टक्क्यांच्या आसपासच्या व्याजानं रोखे विकले आणि धरणं बांधायला घेतली. धरणं उभी राहिली, कालवे आणि वितरिका मागे राहिल्या, व्याज चढत गेलं. त्या वेळी घाई करणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण पाणी अडवण्याचा पैसा आणि ते शेतापर्यंत नेण्याचा पैसा यांचा एकत्र हिशेब कुणीच मांडला नव्हता. पुढे 2011-12च्या आर्थिक पाहणीत दशकभरात सिंचनाची टक्केवारी 0.1नं वाढल्याचा आकडा आला आणि गदारोळ झाला, श्वेतपत्रिका निघाली, विशेष चौकशी पथक नेमलं गेलं. तो आकडा मोजण्याच्या पद्धतीवर रास्त आक्षेप होते. तरी सर्वसाधारण माणसाला जे कळायचं ते कळलं.

म्हणून गटाच्या कार्यकक्षेत पहिलं काम हेच लिहून मागा: राज्यातल्या प्रत्येक अपूर्ण प्रकल्पाची मूळ किंमत, शेवटची सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता), आजवरचा खर्च, उर्वरित किंमत, राहिलेलं भूसंपादन, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटच्या चारीपर्यंत पाणी पोचायला आणखी किती रक्कम लागेल. धरणाच्या भिंतीचे टक्के नकोत. हा तक्ता झाला की त्यावर क्रम लावायचा, आणि क्रमाचे निकष आधी जाहीर करायचे, म्हणजे निकाल पाहून निकष बदलले जाणार नाहीत. नव्या घोषणांनाही हाच नियम लावायचा. 2024मध्ये वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला 87 हजार कोटींच्या घरातली मान्यता मिळाली, नार-पार-गिरणाला सुमारे 7 हजार कोटींची. मराठवाड्याचा जीव पश्चिमवाहिनी नद्यांच्या पाण्यात अडकलेला आहे हे मी जाणतो. पण हे पैसे चालू प्रकल्पांच्या उर्वरित किमतीच्या आधी येणार की नंतर, एवढं तरी कुणी सांगायला हवं.

आता निधीची दुसरी बाजू. ही फोटोत येत नाही म्हणून मागे पडते. देखभाल-दुरुस्ती. 2005च्या कायद्यात लिहिलं आहे की पाणीपट्टीतून सिंचन व्यवस्थापनाचा, प्रशासनाचा आणि देखभालीचा पूर्ण खर्च निघाला पाहिजे. त्यासाठी प्राधिकरण पाण्याचे ठोक (घाऊक) दर ठरवतं, 2011पासून ते वेळोवेळी ठरवले आहेत. दर ठरणं आणि वसूल होणं यांत मोठी दरी आहे. घरगुती वापराची थकबाकी बहुतेक नगरपालिकांची आणि ग्रामपंचायतींची असते. त्यांचं पाणी तोडायचं धाडस कुणी करत नाही, करूही नये. शेतीची पाणीपट्टी भरली जात नाही त्याचं कारण शेतकरी बुडवे आहेत हे नाही. पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरून पाळी वेळेवर येत नसेल, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचतच नसेल, तर पावती कशाची फाडायची? पाटकरी आणि मोजणीदार निवृत्त झाले, जागा भरल्या नाहीत, मग पाणी मोजलं जात नाही आणि वसुलीही होत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर पाणीवापर संस्थांना घनमीटरनं मोजून पाणी दिलं जातं. संस्था आपल्या सभासदांकडून पट्टी गोळा करते आणि विभागाला भरते. तिथे वसुलीची रड नाही. हे सगळीकडे जमेल का? नाही. वाघाडला आधीपासून संघटनेची माणसं होती, द्राक्षासारखं नगदी पीक होतं. कोरडवाहू तालुक्यात, जिथे धरण तीन वर्षांतून एकदा भरतं, तिथे हेच सूत्र जसंच्या तसं लावलं तर संस्था कागदावरच राहील.

पंपानं पाणी वर उचलणाऱ्या उपसा योजनांचं गणित तर वेगळंच. टेंभू, ताकारी, म्हैसाळसारख्या योजनांत विजेच्या बिलाचा 81 टक्के भार शासन उचलतं, 19 टक्के शेतकरी. दुष्काळी टापूला हे द्यायलाच हवं होतं, माझी तक्रार नाही. पण हा भार योजना चालू आहे तोवर दरवर्षी येणार आहे. नवी उपसा योजना मंजूर करताना पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या वीजबिलाची तरतूद कोण करणार, हा रकाना प्रस्तावाच्या नमुन्यात असायला हवा. गटाकडून हे दुसरं काम मागा.

आता गटात कोण असावं. इथे मी जरा परखड बोलतो. जलसंपदा विभागाच्या सचिवांना गटाचं प्रमुख करू नका. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे. खर्च करणारा विभागच खर्चाचा क्रम लावायला बसला की क्रम लागत नाही, हा अनुभव आहे. वित्त किंवा नियोजनाच्या सचिवांनी ते काम करावं, किंवा बाहेरच्या, लेखापरीक्षणाची सवय असलेल्या माणसानं. जलसंपदा, मृद व जलसंधारण, पाणीपुरवठा, नगरविकास, ऊर्जा आणि कृषी हे सदस्य हवेतच, कारण पाणी या सगळ्यांत वाटलं गेलं आहे. 600 हेक्टरपर्यंतचा तलाव मृद व जलसंधारणाकडे, त्यापुढचा जलसंपदेकडे, गावची नळयोजना जिल्हा परिषदेकडे नाही तर जीवन प्राधिकरणाकडे, विहिरीचं मोजमाप भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे. एकाच पाणलोटात चार विभाग चार हिशेबांनी काम करतात. वरच्या नाल्यावर बंधारे वाढले की खालच्या तलावाचा येवा, म्हणजे त्यात येणारं पाणी घटतं, पण त्या दोन फायली एका टेबलावर कधी येत नाहीत. जलयुक्त शिवारवर साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाला. महालेखापालांच्या 2020च्या अहवालानं म्हटलं की पाण्याबाबत गावं स्वयंपूर्ण होण्यात आणि भूजल वाढण्यात त्याचा परिणाम थोडाच दिसतो. त्या निष्कर्षावर मतभेद आहेत. माझ्या मते काही गावांत कामं उत्तम झाली. पण विहिरींतला उपसा कुणी मोजलाच नाही, तर भरलेलं पाणी राहिलं की गेलं हे कुणी सांगायचं?

सदस्य दहा-बारांच्या वर नकोत. पाणीवापर संस्थांचे दोन प्रत्यक्ष पदाधिकारी, एक भूजलाचा जाणकार, एखादा कृषी अर्थशास्त्रज्ञ. चाळीस जणांच्या समितीत चहा होतो, इतिवृत्त होतं, निर्णय होत नाही. आणि स्वतंत्र सचिवालय मागा, दोन-तीन पूर्णवेळ अभियंते आणि एक लेखाधिकारी असलेलं. ज्या समितीचा मसुदा त्याच विभागाचा कार्यासन अधिकारी लिहितो, तिच्या शिफारशी त्या विभागाला आधीपासून मान्य असतात.

तुम्ही मराठवाड्यातले आहात म्हणून एक अडचण आताच सांगून ठेवतो. घटनेच्या कलम 371(2)खाली राज्यपाल निधीच्या प्रादेशिक वाटपाचे निर्देश देतात, सिंचनाच्या बाबतीत ते अनेक वर्षं दिले गेले. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020ला संपली आणि त्यांचं पुढे काय, हा राजकीय वाद झाला. हा नवा कार्यगट ‘जो प्रकल्प लवकर पुरा होईल त्याला आधी’ असा निकष लावील, तर काही ठिकाणी तो अनुशेषाच्या सूत्राशी भिडेल, कारण मागासलेल्या भागातला प्रकल्प अनेकदा जास्त अपुरा असतो. यावर एकच उत्तर नाही. मी असतो तर प्रदेशाचा वाटा आधी सूत्रानं ठरवला असता आणि क्रम त्या वाट्याच्या आत लावला असता. म्हणजे मराठवाड्याची स्पर्धा मराठवाड्यातल्याच प्रकल्पांशी. तुमच्या नाशिक किंवा सांगलीच्या मित्रांना हे पटेलच असं नाही, म्हणून निवेदन देण्याआधी त्यांच्याशी हे बोलून घ्या. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा, म्हणजे समन्यायी वाटपाचा वाद 2005च्या कायद्यातल्या कलम 12(6)वरून न्यायालयापर्यंत गेला. पैशाच्या बाबतीत तेच पुन्हा नको.

शेवटी गट कोणत्या स्वरूपात मागायचा. नुसत्या शासन निर्णयानं नेमलेला गट सरकार बदललं की अडगळीत जातो. चौकशी आयोग कायद्याखालच्या अहवालाला तरी सहा महिन्यांत कृती अहवालासह सभागृहात मांडण्याचं बंधन आहे. साध्या समितीला तेही नाही. केळकर समितीचा अहवाल ऑक्टोबर 2013मध्ये सादर झाला आणि विधिमंडळात आला डिसेंबर 2014मध्ये. म्हणून नवा गट राज्य जल मंडळाची उपसमिती म्हणून मागा. त्यामुळे त्याला 2005च्या कायद्याचा आधार मिळतो आणि ‘अशी यंत्रणा अस्तित्वात आहे’ हे उत्तरही आपोआप गळतं. तुमच्या बाजूनं विधिमंडळात दोन-चार वजनदार आमदार असतील तर आणखी एक मागा: उर्वरित किमतीचा तक्ता दरवर्षी अर्थसंकल्पासोबत सभागृहात ठेवायचा. आमदार नसतील तर ही मागणी पहिल्याच निवेदनात घालू नका. ती नाकारली जाईल आणि तिच्यासोबत बाकीचंही जाईल.

थोडक्यात, निवेदनात तीन गोष्टी पुरेत: अपूर्ण प्रकल्पांचा उर्वरित किमतीसह क्रम, देखभाल आणि वीजबिलाचा दीर्घ मुदतीचा हिशेब, आणि हे करणारी वित्त विभागाच्या हातातली, कायद्याला टेकलेली छोटी उपसमिती. मुदत एक वर्षाची. पूर, प्रदूषण, शहरांचं सांडपाणी, सागरी किनारा हे सगळं महत्त्वाचं आहे, पण या गटाच्या गळ्यात बांधू नका.

आणि निवेदन नेण्याच्या आधी एक काम करा. तुमच्या जिल्ह्यातल्या पाच-सहा अपूर्ण प्रकल्पांसाठी गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. प्रत्येक प्रकल्पाची मूळ प्रशासकीय मान्यता, शेवटची सुप्रमा, मार्चअखेरचा खर्च आणि प्रत्यक्ष भिजलेलं क्षेत्र मागा. ‘निर्मित सिंचनक्षमता’ नव्हे, भिजलेलं क्षेत्र. अर्जात हा फरक स्पष्ट लिहिला नाही तर निर्मित क्षमतेचाच आकडा हातात मिळतो. जललेख्याचे (पाण्याच्या हिशेबाचे) आणि सिंचन स्थितीचे अहवाल काही वर्षं नियमित निघत होते. तुमच्या प्रकल्पाचं त्यातलं पान काढून सोबत जोडा. तो एका पानाचा तक्ता निवेदनाच्या वर ठेवा, म्हणजे सचिवांच्या टेबलावर आधी तक्ता वाचला जाईल. माहिती यायला तीस दिवस लागतात, पहिल्या अपिलाची वेळ धरून तयारी ठेवा. हिवाळी अधिवेशनाआधी भेट मागायची असेल तर अर्ज याच आठवड्यात टाकावा लागेल.